वायर दिसत न्हाई, आरती दिसती

आमच्या आरतीचं काम बघायचं असंल तर तिनं केलेल्या गाडीत बसा आन वायर शोधा. सापडणार न्हाई. पुढच्या काचेला कॅमेरा दिसंल, मागच्या काचेला दुसरा दिसंल, पायाशी मंद उजेड पडलेला दिसंल, पण हे सगळं कशावर चालतंय त्याचा मागमूस लागायचा न्हाई. गिऱ्हाईक छताला हात लावून बघतं, सीटखाली वाकून बघतं, मंग म्हणतं, "कमाल हाय राव, वायर दिसतच न्हाई." वायर दिसत न्हाई, आरती तेवढी दिसती. सगळ्या आळेफाट्याच्या तोंडी आरतीच. मी तिची थोरली जाऊ, हिरा. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

साळसूदपणाचा आव आणायला मला जमत न्हाई. माझ्या पोटात दुखतं, आन लई दुखतं. तुमीच सांगा, का दुखू नये? मी काय घरात बसून नुसत्या भाकरी थापल्या न्हाईत. आमच्या मालकांचं, दादाभाऊंचं, फाट्यावर ट्रकच्या वायरिंगचं गॅरेज हाय. लग्न होऊन आले तवापासनं मी तिथं आर्मेचर भरते. ट्रकचा स्टार्टर जळला की त्याच्या पोटातली तांब्याची तार काढायची आन नवी तार घट्ट, शिस्तीत गुंडाळायची. एक वेढा चुकला तर सगळं उसवा. बोटांची सालं निघतात. कांद्याचा ट्रक रस्त्यात मेलेला असतो, ड्रायव्हर डोक्यावर उभा असतो, आन माझी बोटं चालू असतात. पण ते काम लोखंडाच्या पोटात जातं, वरनं झाकण बसतं. ड्रायव्हर चावी मारतो, ट्रक धडधडतो आन निघून जातो. आजवर एकानंबी झाकण उघडून "वा वहिनी" म्हटलेलं न्हाई. मालकांनीबी न्हाई.

आमी मूळची मेंढरांमागची माणसं. सासरे, बहिरूबाबा, पाऊस सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मालकांनी मेंढरं सोडून पान्हा धरला, धाकटे दीर चांगदेव ट्रकवर गेले. आरती त्यांची बायको. तिचं माहेर डिंभ्याकडचं, यस्टी आली तर आली अशा गावचं. लग्नाआधी ती मंचरला एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायची आन ब्लाऊजं शिवायची. इथं आल्यावर मालकांनीच तिला मशिन घेऊन दिलं आन ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायला गॅरेजच्या कोपऱ्यात बसवलं. मी मनात म्हटलं, बसंना, शिवंना, माझं काय जातंय. तिथंच फसले मी.

एक दिवस नारायणगावचा एक औषध दुकानदार आपली इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. कुठनं तरी कॅमेरा बसवून आणला व्हता. वायर काचेवरनं लोंबतीय, डॅशबोर्डावर चिकटपट्ट्या, आन टोक सिगारेट लायटरच्या भोकात खुपसलेलं. शिवाय खडखड वाजत व्हतं. डिझेलच्या गाडीत असलं काही ऐकूच येत न्हाई, इंजिनच एवढं बोंबलतं. इलेक्ट्रिक गाडी बिनआवाजाची, तिच्यात सुतळी हालली तरी कानाशी टकटक. मालक म्हणाले, टेप मारून देतो. तोवर आरती शिवता शिवता उठली आन गाडीत जाऊन बसली.

तिच्या हातात एक प्लास्टिकची फूटपट्टी व्हती, कडा घासून गुळगुळीत केलेली. ब्लाऊजचे कोपरे उलटायला वापरायची ती. छताच्या कापडाच्या कडेला तिनं ती पट्टी हलकेच सारली, फट केली, आन वायर आत ढकलत ढकलत नेली. काचेच्या बाजूच्या खांबापाशी आल्यावर थांबली. "दादा, ह्या खांबात एअरबॅग हाय. वायर तिच्या म्होरनं न्यायची न्हाई, मागनं न्यायची. अपघात झाला आन फुगा फुगताना वायर आडवी आली तर कामच झालं." मालक बघतच राह्यले. तुला कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, मोबाईलवर बघितलं. अवो, मोबाईल काय तिच्या एकटीकडं हाय? पण मालकांच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. माझ्या आर्मेचरकडं त्यांनी असं कवाच बघितलेलं न्हाई.

तवापासनं इलेक्ट्रिक गाडी आली की आरती. पुण्याहनं नाशकाकडं जाणारे थांबायला लागले, मंग तालुक्यातले बागायतदार यायला लागले. तिनं मालकांना सांगून कापडी टेप मागवला, वाजू नये म्हणून. प्रत्येक वायरीला ती तो टेप गुंडाळती, आन वळणावर बोटभर ढील ठेवती, म्हणजे कधी काढायची झाली तर ताण बसू नये. वर आणखी एक थेर. फ्यूजच्या डब्यात काही घरं अशी असतात की गाडी बंद केली तरी तिथं करंट राहतो, आन काही अशी की गाडी चालू केली तरच करंट येतो. कायमच्या घरातनं वायर घेतली की आरती तिच्या टोकाला शिवणाचा लाल दोरा बांधती, चालू-बंदच्या घरातनं घेतली की पिवळा. मी म्हटलं, "गाडी हाय का चोळी?" ती नुसती हसली. तिला राग येतच न्हाई, ही आणखी एक पीडा. भांडणाऱ्या जावेशी माणूस भांडून मोकळं तरी होतं.

समोरचा चहावाला हौशीराम तर आमच्यावर टपूनच असतो. माझा आवाज जरा चढला की तिथनं विचारतो, "म्हाळसा-बाणाईचं काय चाललंय आज?" खंडोबाच्या दोन बायकांचं भांडण त्याला चहासंगं फुकटात बघायला पाह्यजे. एकदा मी त्याच्यावर उकळता चहा ओतीन म्हटलं व्हतं. तेबी त्यानं दहा ड्रायव्हरांना सांगितलं. फाट्यावरची गोष्ट ड्रायव्हरच्या कानात गेली की ती मंचरलाबी उतरती आन नगरलाबी.

मंग फाट्याच्या म्होरं एका हाटेलाशेजारी गाड्या चार्ज करायची मशिनं बसली, आन मालकांनी तिथला गाळा घेतला. नुसत्या इलेक्ट्रिक गाड्यांचं काम. काचेचं दार, फरशी, पंखा. आता त्या गाळ्यात मालकीण म्हणून कोण बसणार, हा सवाल. मी थोरली. ऑइलच्या थारोळ्यात पाय भिजवून बोटं काळी केली ती मी. मला तो गाळा पाह्यजे व्हता. खुर्ची टाकून बसायचं, गिऱ्हाईकानं आधी माझ्याशी बोलायचं, आरतीनं मला विचारून गाडीला हात लावायचा. मी मालकांना तोंडावर सांगितलं, "गाळा मला द्या. आरतीच्या हाताखाली मी बसायची न्हाई." ते म्हणाले, "बघू. चंपाषष्ठी झाली की ठरवू." आन जेवून उठता उठता म्हणाले, "तिचा हात मात्र सोन्याचा हाय." त्या दिवशी भांडी घासताना दोन पातेल्यांना पोचे आले.

मार्गशीर्ष लागायच्या आधी अवसरी बुद्रुकचे भरत आले. चांगले बागायतदार, बोलायला मऊ. कोरी इलेक्ट्रिक गाडी, अजून सीटवरची पिशवी काढलेली नव्हती. संगं आई, साळुबाई. त्यांना पुढं-मागं कॅमेरे बसवायचे व्हते आन त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॅशबोर्डावर देव. घोड्यावरचा पितळी खंडोबा, त्याच्यामागं हातभर रंगीत प्रभावळ, एकामागं एक दिवे फिरणारी. जत्रेत मिळती तसली. साळुबाईंनी पिशवीतनं ती अशी काढली की जणू देवघरातनंच उचलून आणलीय. "दिवा अखंड पाह्यजे बरं का पोरी. मार्गशीर्षात आमच्यात देव बसतात. चंपाषष्ठीपतूर घरातला नंदादीप विझू देत न्हाई आमी. आन ही गाडी म्हणजे देवाचा घोडाच की. देव उठंपतूर तीबी जागची हालायची न्हाई. मंग चंपाषष्ठीला हिच्यातनं सगळी धामणीच्या खंडोबाला जायचं, तळी भरायची."

आरती म्हणाली, "मावशी, गाडी चालू केली की दिवा लागंल, बंद केली की मावळंल. तसाच जोडते."

"मावळंल? देवाचा दिवा?"

मंग आरतीनं त्यांना समजावलं. ते मीच सांगते, कारण माझ्याबी डोक्यात ते तवाच शिरलं. इलेक्ट्रिक गाडीला बॅटऱ्या दोन. मोठी खाली पसरलेली, तिच्यावर गाडी पळती. तिच्या वायरी नारिंगी असतात, त्यांच्या वाटंला जायचं न्हाई, जिवाशी खेळ हाय तो. दुसरी आपली नेहमीची, लहान. दारं उघडणं, दिवे, कॅमेरे, सगळं लहानीवर. आन मोठीला जागं करायचं कामबी लहानीचंच. लहानी उतरली की मोठी तुडुंब भरलेली असूनबी गाडी ढिम्म हालत न्हाई. घरात हौद भरलेला आन तांब्या सापडत न्हाई, अशातली गत. मी मनात म्हटलं, घ्या, गाडीतबी धाकटीचाच तोरा. कॅमेऱ्याला आरती कायमचा करंट देती, पण मधी एक डबी बसवती. बॅटरी खाली यायला लागली की ती डबी कॅमेऱ्याचा करंट तोडती. देवाच्या प्रभावळीला तसली डबी नव्हती. ती रात्रंदिवस फिरत राह्यली तर उभ्या गाडीची लहानी पार कोरडी व्हायची.

साळुबाईंना ह्यातलं काहीच पटलं न्हाई. "देवाला काय बॅटरी बघून पूजायचं?" असं म्हणून त्या पदर सावरत बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या. आरतीनं आपलंच खरं केलं, पिवळा दोरा बांधला, काम उरकलं. गाडी गेली तवा साळुबाईंचं तोंड एवढंसं झालं व्हतं. मला बरं वाटलं. आरतीच्या हातचं काम घेऊन नाराज होऊन गेलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

चंपाषष्ठीला सकाळी आमी देवापुढं भरीत-रोडग्याचा नैवेद्य मांडत व्हतो, तवा मालकांचा फोन वाजला. भरत. गाडी उघडत न्हाई. चावीचं बटण दाबलं तरी आवाज न्हाई. देवाचा दिवा इतके दिवस झकास फिरत व्हता, तो रात्री कधीतरी विझला. दारात पावणं जमलंय, धामणीला निघायचं, आन आई रडतीय, देव कोपला म्हणून. तुमच्या बाईनं काहीतरी भलतं जोडलंय.

मालकांनी फोन ठेवला आन आरतीकडं बघितलं. "दिवा कुठल्या घरात जोडला व्हतास?"

"चालू-बंदच्या घरात, दादा. पिवळा."

"मंग सहा दिवस लागलेला कसा राह्यला? गाडी तर उभी व्हती."

"मी पिवळ्यातच जोडला व्हता," ती एवढंच म्हणाली. तिचं तोंड पांढरं पडलं व्हतं. मी म्हणाले, "चुकतं माणसाचं." इतक्या गोड आवाजात मी पोरांनाबी कधी हाक मारलेली न्हाई. आतनं मला काय उकळ्या फुटत व्हत्या म्हणून सांगू. सोन्याचा हात म्हणे. घ्या सोनं.

मालक बाहेर हौदापाशी जाऊन उभे राह्यले. थोड्या वेळानं आरती त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली. दोघं काय बोलली मला ऐकू आलं न्हाई. मालक आत आले आन म्हणाले, "हिरा, तू चल माझ्यासंगं. आरती नको. गाडी तू उघडायची, तू बघायचं." माझी छाती भरून आली. शेवटी वेळ आल्यावर थोरलीच आठवली ना? मी इरकली नेसले, हत्यारांची पिशवी घेतली. आरतीनं तिची फूटपट्टी माझ्या पिशवीत टाकली, लागंल म्हणाली. मंचरपर्यंत मी मालकांना सांगत राह्यले, काम आपल्या जागी, पण जबाबदारीला वय लागतं. ते गाडी चालवत व्हते, हूं हूं करत व्हते. उतरायच्या आधी म्हणाले, "तिनं खरंच चुकीचं जोडलं असंल तर गाळा तुझा. मला दुसरं काही म्हणायचं न्हाई."

भरतच्या अंगणात निम्मी अवसरी गोळा झालेली. हळदीनं पिवळी झालेली माणसं, तळीचं ताट तयार, लेकीबाळी नटलेल्या, आन मधोमध ती पांढरी गाडी, हार घातलेली, मेलेली. साळुबाई पायरीवर डोळे पुसत बसल्या व्हत्या. मालकांना त्यांनी बसायला खुर्ची दिली, पण पाणी दिलं न्हाई. आमच्याकडं त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी बटणाच्या चावीच्या पोटातली साधी चावी काढली, दार उघडलं, बॉनेट उघडलं. लहानी तपासली, तिच्यात काही राह्यलेलं नव्हतं. संगं आणलेली बॅटरी लावली तशी गाडी जागी झाली. आन गाडी चालू करायच्या आधीच देवाची प्रभावळ गरागरा फिरायला लागली. बायकांनी हात जोडले. मी मात्र खूश झाले. गाडी बंद असून दिवा लागला म्हणजे तो कायमच्या घरात जोडलेला. म्हणजे आरती चुकली. गाळा माझा.

मंग मी स्टेअरिंगखाली डोकं घालून फ्यूजचा डबा उघडला, सगळ्यांना दाखवायला. तिचं काम मी आतनं पहिल्यांदाच एवढ्या जवळनं बघत व्हते. काय सांगू तुमाला. एक वायर दुसरीवर चढलेली न्हाई. कापडी टेप असा गुंडाळलेला की शेवट कुठं हाय ते नखाला लागंना. पातळाला फॉल लावल्यावर वरनं टाका दिसू नये, तशा त्या वायरी गाडीच्याच झाल्या व्हत्या. माझी बोटं ह्या कामात म्हातारी झालीत, मला खोटं दाखवता येत न्हाई. मला रडू येईल असं वाटलं, इतका राग आला.

आन तवाच मला तो दिवा फिरवणारा फ्यूज दिसला. त्याच्या वायरीला पिवळा दोरा व्हता. आन तो बसला व्हता कायमच्या घरात. शेजारचं चालू-बंदचं घर रिकामं. वायर ताणलेली, तिची बोटभर ढील संपलेली, वळणावरचा टेप एका बाजूनं उचकटलेला. आरती लाल-पिवळ्यात चुकंल एकवेळ, पण ताण ठेवून वायर सोडायची न्हाई ती. उपाशी राहंल, पण न्हाई. कुणीतरी नंतर हात घातला व्हता. फ्यूज उपटून शेजारच्या घरात खुपसला व्हता.

मी मान वर केली तर भरत दारात वाकून उभे. तोंडावर घाम. हळूच म्हणाले, "वहिनी, आई सारखी मागं लागली व्हती. मोबाईलवर बघून मी नुसता एका घरातनं दुसऱ्या घरात टाकला. तिला म्हटलं, बघ, फाट्याच्या बाईनं अखंडच जोडलाय. आता पावण्यांसमोर आईला काय सांगू? दिवा मी विझवला म्हणून? राहू द्या ना. तुमच्या आरतीचं काय, पोरगी हाय, चुकली म्हणतील आन विसरतील. माझे दोन साडू आन चुलते गाड्या घेतायत, त्या सगळ्या तुमच्याकडंच धाडतो. तुमच्याकडं. तिच्याकडं न्हाई."

देवाशप्पथ सांगते, मी हो म्हणणार व्हते. शब्द ओठावर व्हता. कुणाचंच नुकसान नव्हतं. भरतची लाज राहत व्हती, साळुबाईंचा देव राहत व्हता, गाळा मला मिळत व्हता. मी बाहेर आले. मालक खुर्चीवरनं उठले. मालकांनी विचारलं, "काय हिरा? काम कसं हाय?"

मी तोंड उघडलं. म्हणायचं एवढंच व्हतं की काम वाईट हाय. पण माझ्या डोळ्यासमोरनं तो टेप हालंना. तसल्या कामाला वाईट म्हणायचं म्हणजे माझ्या स्वतःच्या बोटांना शिवी द्यायची. मी ज्या दिवशी असं बोलीन त्या दिवशी मला आर्मेचर भरायचा हक्क उरायचा न्हाई. जीभ उचलंचना.

"काम चांगलं हाय," मी म्हणाले. "एक नंबर हाय. तिनं बरोबर जोडलं व्हतं. नंतर कुणीतरी फ्यूज हलवलाय."

भरतनी खाली बघितलं. साळुबाईंनी लेकाकडं बघितलं, आन त्यांना कळलं. त्या उठल्या, आत गेल्या, आन तांब्याभर पाणी घेऊन माझ्यापुढं आल्या. "माझ्याच हट्टापायी झालं म्हणायचं," म्हणाल्या. मी फ्यूज पिवळ्या घरात घातला, वायरीची ढील सोडली, आरतीची पट्टी सारून टेप पुन्हा बसवला. तिच्यासारखा बसला न्हाई. येळकोट येळकोट जय मल्हार करत गाडी धामणीच्या वाटंला लागली, आन आमी भरीत-रोडगा खाऊन परत फिरलो.

परतीच्या वाटंला नारायणगावच्या पुढं आल्यावर मालक म्हणाले, "बरं केलंस." मी खिडकीकडं तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला म्हटलेला तो पहिला चांगला शब्द. मंग म्हणाले, "गाळ्यात आरती बसंल मंग." मी म्हटलं, "बसू द्या." ते म्हणताना मला काय वाटलं सांगू? गाळा हातचा गेला, पोटातलं दुखणं व्हतं तिथंच व्हतं, पण मला मोठं वाटत व्हतं. हात तिचा सोन्याचा असंल, पण गाळा मी दिलाय. मी गप बसले असते तर ती आज कुठंच नसती. मनानं तरी मी थोरली. फाट्यापर्यंत मी अशी ताठ बसून आले.

घरी आरती ओट्यावर बसून ट्रकच्या कव्हराला कड मारत व्हती. मी सगळं सांगितलं, फ्यूज, दोरा, भरतचे साडू, चुलते, सगळं. जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं, माझा मोठेपणा तिच्या नीट डोक्यात शिरावा म्हणून. तिनं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले व्हते, पण हात चालूच व्हता. मी म्हटलं, "पण तू सकाळी गप का बसलीस? सांगायचं ना, त्यांनीच हात घातला असंल म्हणून."

"माझं कोण ऐकलं असतं, ताई? आन दादा एकटे गेले असते तर अवसरीकर म्हणले असते, घरचंच माणूस, झाकून घेतंय. म्हणून मीच दादांना म्हटलं, ताईंना न्या. गाडी त्यांनाच उघडू द्या."

मला वाटलं, आता ती म्हणंल, तुमच्या हातावर माझा भरवसा हाय. मी वाट बघत राह्यले. "मलाच का?" मी विचारलं.

"तुमाला माझं बघवत न्हाई, हे हौशीरामच्या चहावर बसणाऱ्या समद्या ड्रायव्हरांना ठाऊक हाय," ती म्हणाली. दातानं दोरा तोडला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, भाजीत मीठ कमी हाय म्हणावं तसं म्हणाली. "अवसरीलाबी ते कधीच पोचलंय. तुमी चांगलं म्हटल्यावर मंग वाईट म्हणायला कुणालाच जागा राहत न्हाई."

मी तिथंच उभी राह्यले. अख्ख्या वाटंवर मी जे उराशी धरून आणलं व्हतं, की निदान मनाच्या मोठेपणात तरी आज मी हिच्या वर गेले, तेवढंबी तिनं मला राहू दिलं न्हाई.